प्रोबेटची सक्ती गेली, पण आजोबांचं नाव सातबाऱ्यावरून कधी निघणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन आणि सुधारणा कायदा पास केला आणि त्यात भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ मधलं कलम २१३, म्हणजे प्रोबेटची (मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची) सक्ती, काढून टाकलं. तेव्हापासून व्हॉट्सअपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल, की आता मृत्युपत्र असलं की बस, कोर्टकचेरी काही नको, घर-जमीन आपोआप नावावर होणार. मी कोकणात एका तालुक्याच्या ठिकाणी वकिली करते, माझं जवळजवळ सगळं काम वारसाचं, वाटपाचं आणि मृत्युपत्रांचं आहे, आणि या मेसेजवरून लोक जे धरून बसलेत ते ऐकून खरंच काळजी वाटते म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबेल, पण छापा अशी विनंती आहे.

आधी हे कलम काय होतं ते सांगते. हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन माणसाने मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल, किंवा त्यातली घर-जमीन मुंबईत असेल, तर त्या मृत्युपत्रावरून कोर्टात हक्क सांगायला आधी प्रोबेट आणावं लागायचं. मुंबई, चेन्नई, कोलकाता या जुन्या प्रेसिडेन्सी शहरांपुरताच हा नियम, पारशी मंडळींनाही तो लागू होता. म्हणजे दादरच्या फ्लॅटला प्रोबेट आणि पुण्यातच मृत्युपत्र केलेलं असेल तर पुण्याच्या फ्लॅटला नाही. इंग्रजांच्या काळापासूनचा हा भेद गेला ते चांगलंच झालं, कारण घरात कोणाची तक्रार नसली तरी अर्ज करा, वारसांना सायटेशन म्हणजे कोर्टाची नोटीस पाठवा, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र आणा, मिळकतीची किंमत लावा, कोर्टाच्या ऑफिसच्या शंकांना उत्तरं द्या यातच महिनोन्‌महिने जायचे, आणि एखाद्या पुतण्याने कॅव्हेट म्हणजे हरकत टाकली की त्याचा रीतसर दावा होऊन बसायचा आणि मग वर्षं.

पण सक्ती गेली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध करायची जबाबदारी गेली असं अजिबात नाही. मृत्युपत्र करणाऱ्याची सही, दोन साक्षीदारांनी केलेलं साक्षांकन, करणारा तेव्हा शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने वागत होता हे सगळं उद्या कोणी आव्हान दिलं तर तसंच दाखवावं लागणार आहे जसं काल लागत होतं. आणि प्रोबेट बंद झालेलं नाही, आजही मागता येतं. घरात भांडणाची चिन्हं दिसत असतील, मोठी मिळकत असेल, एखाद्या मुलाला मुद्दाम वगळलेलं असेल तर मी तरी सांगेन की सक्ती नसली तरी प्रोबेट घ्या, कारण एकदा ते मिळालं की ते मृत्युपत्र खरं की खोटं हा वाद परत परत कोणी उकरू शकत नाही, ते सगळ्यांवर बंधनकारक असतं. साधं एकच घर, दोनच मुलं आणि दोघांचं पटतंय, तिथे नको.

आता खरं दुखणं. मृत्युपत्र मुंबईत केलेलं नसेल तर आमच्याकडे गावातल्या जमिनींना प्रोबेट कधी लागतच नव्हतं, आणि तरीही इथल्या सातबाऱ्यांची जी अवस्था आहे ती बघितली तर कळतं की अडलंय ते दुसरीकडेच. जमीन पणजोबांच्या नावावर, पणजोबा जाऊन साठ-सत्तर वर्षं झालेली, पुढच्या तीन पिढ्यांत कोणीही तलाठ्याकडे जाऊन वारस नोंद केली नाही कारण आंब्याची कलमं लागतायत, भात पिकतंय, घर उभं आहे, मग नाव कोणाचं का असेना. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. तीन महिने! आमच्याकडे तीन पिढ्या झाल्या तरी कोणी कळवत नाही आणि मग एक दिवस काहीतरी सरकारी कारण निघतं आणि सगळ्यांना एकदम आजोबा आठवतात.

मुंबई-गोवा हायवेच्या रुंदीकरणात हे फार वाईट पद्धतीने समोर आलं. एका कुटुंबाचं सांगते, नाव-गाव सांगणार नाही. तीन भाऊ, त्यातल्या थोरल्याचं एकट्याचं नाव सातबाऱ्यावर आणि नावापुढे ए.कु.मॅ. असं लिहिलेलं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे जुन्या काळी सर्रास व्हायचं, मुंबईला गिरणीत असलेल्या धाकट्या भावांची नावं लावायची कटकट नको म्हणून गावात राहणाऱ्या थोरल्याचं नाव लावायचं आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असायचं की जमीन तिघांची. पुढे सातबारा परत लिहिताना, संगणकावर चढवताना कुठेतरी ते ए.कु.मॅ. गळून पडलं आणि राहिलं ते फक्त थोरल्याचं नाव. थोरला गेला, त्याच्या मुलांनी स्वतःची वारस नोंद करून घेतली, त्यांच्या मनात कपट होतं असंही मी म्हणणार नाही, त्यांना तो जुना फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद, कोणी दाखवलाच नव्हता. जमीन हायवेत गेली आणि मोबदल्याची नोटीस आली तेव्हा धाकट्या दोघांच्या नातवंडांनी हरकत घेतली. असा वाटणीचा वाद झाला की रक्कम कोणालाच मिळत नाही, प्रकरण दिवाणी कोर्टात पाठवलं जातं. वारस चाळीसच्या वर, त्यातला एक बडोद्याला, एक कॅनडात, आणि एक काका असा की जो गिरणी संपानंतर कुठे गेला ते कोणाला माहीत नाही, आणि सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला मृत धरायचं तरी तसं कोर्टातून ठरवून घ्यावं लागतं. मोबदला हातात यायच्या आधी त्या घरातली दोन म्हातारी माणसं गेली, एकाला त्या पैशातून डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं.

हे सगळं कशाने टळलं असतं तर पन्नास वर्षांपूर्वी तिघा भावांची नावं लागली असती तर. एवढंच.

जुने फेरफार काढून बघा असं मी प्रत्येकाला सांगते. सातबाऱ्यावर फेरफारांचे नंबर असतात, त्या नंबरांची नक्कल तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून मागा, आणि एकेक करत मागे जा. कूळकायद्याची नोंद, मग वारसाची, मग वाटपाची, कुठे तगाईचा म्हणजे जुन्या सरकारी शेतीकर्जाचा बोजा तसाच राहिलेला, असं करत करत जमिनीचा सगळा इतिहास कळतो आणि नाव कुठे गळलं ते नेमकं सापडतं. ऑनलाईन सातबारा आला ही फार मोठी सोय झाली पण तो आजचा असतो, भांडण कालचं असतं. आणखी एक, सातबारा म्हणजे मालकी नाही हे सुप्रीम कोर्टाने वारंवार सांगितलंय, महसुली नोंद ही सारा वसुलीपुरती असते. तसंच ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा असेसमेंट उतारा. घरपट्टी मी भरतो म्हणून घर माझं, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! घरपट्टी भरल्याने बहिणीचा हिस्सा जात नाही. पण उलट बाजूनेही सांगते, नोंद म्हणजे मालकी नसली तरी नोंद नसेल तर पीककर्ज नाही, पीएम किसान नाही, पीकविमा नाही, विकायची सोय नाही, म्हणजे मालकी असून नसल्यासारखी.

वारस नोंदीची प्रोसेस तशी अवघड नाही, अवघड आहे ते कागद जमवणं. मृत्यूचा दाखला, वंशावळ, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ अ म्हणजे खात्याचा उतारा, आधार. अर्ज ई-हक्क वरून ऑनलाईन करता येतो, तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते वारस नोंदवहीत म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये चौकशी करून घेतात, मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत नाही आली तर सर्कल साहेब म्हणजे मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. हे वकिलाशिवाय होतं. मी वकील असून सांगते, साध्या वारस नोंदीसाठी एजंटाला हजारो रुपये देऊ नका.

अडतं कुठे तर १९५०-६० च्या आसपास गेलेल्या माणसाचा मृत्यूचा दाखलाच नसतो, आणि एक वर्षापेक्षा जास्त उशीर झालेल्या मृत्यूच्या नोंदीला २०२३ च्या दुरुस्तीनंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्याहून जास्त अडतं ते बायकांच्या नावांवर. माहेरी सुमन, सासरी शुभांगी, आधारवर तिसरंच काहीतरी आडनाव, शाळेचा दाखला नाही, आणि तिनेच सिद्ध करायचं की ती आणि सातबाऱ्यातल्या अमक्याची मुलगी एकच. एका आजींची वंशावळ करत होतो, नव्वदीच्या होत्या, ओटीवर बसून एकेक नाव सांगत होत्या, माझा ज्युनियर पेन्सिलने मांडत होता, आणि दोन नंबरच्या बहिणीपाशी आल्यावर त्या थांबल्या, म्हणाल्या, "तिचं लग्नातलं नाव काय ठेवलं होतं रे, आम्ही तर तिला बायोच म्हणायचो." घरातल्या कोणालाच ते नाव सांगता येईना. शेवटी त्या बहिणीच्या सासरी गावी जाऊन तिथल्या जुन्या मतदार यादीतून नाव शोधलं. म्हणून माझं सगळ्या चाकरमान्यांना कळकळीचं सांगणं आहे, गणपतीला किंवा शिमग्याला गावी याल तेव्हा घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा आणि पूर्ण वंशावळ लिहून घ्या, लहानपणी गेलेली मुलं, लग्न न झालेले काका, दुसऱ्या लग्नाची मुलं, सगळ्या आत्या त्यांच्या दोन्ही नावांसकट आणि मृत्यूच्या सालासकट. मोबाईलवर रेकॉर्ड करा. ती माणसं गेली की ही माहिती कुठल्याही ऑफिसात मिळत नाही.

आत्यांवरून बहिणींकडे येते, कारण हा विषय निघाला की घरं फुटतात. महाराष्ट्राने १९९४ मध्येच अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला होता, मग हिंदू उत्तराधिकार कायद्यातली केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असले-नसले तरी. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालेलं असेल तर ते उकरता येत नाही. एवढं स्पष्ट असूनही आजसुद्धा वंशावळ देताना बहिणींची नावंच टाकत नाहीत, किंवा टाकलीच तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात टाकतात, कब्जेदार म्हणून नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेराव्याला सगळे जमलेत तर उरकून घेऊ म्हणून हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतात. बाप जाऊन तेरा दिवस झालेली बाई, डोळे सुजलेले, भाऊ म्हणतोय "ताई, फॉर्मॅलिटी आहे," आणि ती सही करते. माझ्या ऑफिसात हक्कसोड करायला भावाबहिणी आल्या की मी भावांना बाहेर बसवते आणि ताईंशी एकटीशी बोलते, हे नोंदवलं की तुमचा हिस्सा कायमचा गेला, परत मागता येणार नाही, माहेर तुटेल या भीतीने करत असाल तर आज करू नका, महिन्याने या. काही जणी तरीही आनंदाने सोडतात, तो त्यांचा अधिकार आहे, माझं काहीच म्हणणं नाही. काही जणी परत येत नाहीत. भावांना राग येतो माझा, येऊ दे.

आईचंही असंच विसरतात. मुलगा तरुणपणी गेला की त्याची बायको आणि लेकरं वारस म्हणून लावतात आणि म्हातारी आई राहून जाते. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ मध्ये विधवा, मुलगा, मुलगी आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि आईलाही एक हिस्सा आहे. आणि वारसांत अल्पवयीन मुलं असतील तर त्यांच्या वतीने त्यांच्या आईने परस्पर हक्कसोड करून चालत नाही, कोर्टाची परवानगी लागते, नाहीतर मुलं मोठी होऊन तो दस्त रद्द करून घेऊ शकतात आणि मग ज्याने जमीन विकत घेतली तो अडकतो.

सरकारने २०२५ मध्ये जिवंत सातबारा मोहीम काढली, आधी बुलढाण्यात आणि मग राज्यभर, मयत खातेदारांची गावनिहाय यादी करायची, चावडीवाचन करायचं आणि वारसांची नावं लावायची. मला ही मोहीम मनापासून आवडली, वर्षानुवर्षं पडून असलेल्या कितीतरी नोंदी त्यात झाल्या. पण चावडीवाचनाला गावात असतं कोण, तर जो भाऊ गावात राहिला तो. मुंबई-पुण्याला दिलेल्या बहिणीला ना नोटीस पोचते ना फोन. वंशावळ एकाने सांगायची आणि बाकीच्यांना ती झाल्यावर कळणार, असं झालं तर आपण आज घाईने जिवंत केलेले सातबारे दहा वर्षांनी कोर्टात दिसतील. त्याच वर्षी शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ केली, तोही चांगला निर्णय आहे आणि लोकांना तो माहीतच नाही, सगळ्या भावंडांचं एकमत असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्यायला याहून बरी वेळ नाही. नावं लागणं ही अर्धी गोष्ट, चाळीस नावं एका सातबाऱ्यावर सामाईक राहिली तर त्याचा उपयोग कोणालाच नाही.

आता मृत्युपत्राबद्दल, कारण पुढच्या पिढीपुरतं तरी हे सगळं आपण थांबवू शकतो. लोकांना वाटतं मृत्युपत्र म्हणजे मोठा खर्च. अहो साध्या कागदावर होतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावं असं मी सांगते कारण मग कागद हरवला, जळला, कोणी लपवला तरी सरकारी दप्तरात राहतो. दोन साक्षीदार असे घ्या की जे तुमच्यापेक्षा वयाने लहान आहेत आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाहीये. वय झालं असेल तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट त्याच दिवसाचं जोडा. गट नंबर, फ्लॅट नंबर, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा नंबर सगळं नीट लिहा, "माझी सर्व मिळकत" एवढंच लिहून ठेवलेली मृत्युपत्रं मी बघितलीत आणि मग ती सर्व म्हणजे कोणती यावरच भांडण. व्यवस्थापक म्हणजे एक्झिक्युटर नेमा. आणि वडिलोपार्जित जमीन असेल तर तुम्ही फक्त तुमचा हिस्सा देऊ शकता, भावाबहिणींचा नाही, ते लिहिलेलं असलं तरी चालत नाही.

बायकांनी तर करायलाच हवं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही महिलांना मृत्युपत्र करा असं आवाहन केलं, त्यामागचं कारण फार थोड्या जणींना माहीत असतं. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली आणि तिला नवरा किंवा मुलं मागे नसतील तर तिची मिळकत, तिने स्वतः नोकरी करून घेतलेला फ्लॅटसुद्धा, आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातो, तिच्या स्वतःच्या आई-वडिलांचा नंबर त्यानंतर. आई-वडिलांकडून वारशाने आलेलं तेवढं तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत जातं. एक ताई होत्या, नवरा लवकर गेला, मूल नाही, बदलापूरला स्वतःच्या पगारातून वन बीएचके घेतलेला, आई शेवटपर्यंत त्यांच्याजवळ. ताई अचानक गेल्या आणि ज्या दिरांनी वीस वर्षांत साधा फोन केला नव्हता त्यांचा त्या घरावर हक्क निघाला, आणि ऐंशी वर्षांच्या आईला मुलीचं घर सोडून भाच्याकडे जावं लागलं. एक पान लिहिलेलं असतं तर ते घर आईला राहिलं असतं. ज्या ज्या बहिणी हे वाचतायत, एकट्या आहेत, विधवा आहेत, घटस्फोटित आहेत किंवा नवरा-मुलं सगळं आहे, त्यांनी या महिन्यात ते पान लिहा.

नॉमिनीचं एक वाक्यात सांगते कारण शहरातल्या वाचकांचा हाच प्रश्न असतो. नॉमिनी सहसा मालक नसतो, तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, आणि हाउसिंग सोसायटीतही नॉमिनीला आता तात्पुरता सभासद म्हणूनच घेतात. तेव्हा नॉमिनेशन केलंय म्हणून मृत्युपत्र नको हा गैरसमज सोडा. मृत्युपत्र नसेल तर बँक, शेअर्स अशा पैशांसाठी सक्सेशन सर्टिफिकेट, आणि घर-जमिनीसाठी १८२७ च्या जुन्या मुंबई रेग्युलेशनखाली दिवाणी कोर्टातून मिळणारा वारस दाखला, हे दोन वेगळे कागद आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही, यात लोकांची वर्षं वाया जातात.

काही जण म्हणतात मृत्युपत्राची भानगडच नको, जिवंतपणीच बक्षीसपत्र करून टाकतो. करू नका असं नाही म्हणत पण बक्षीसपत्र झालं की त्या क्षणी घर तुमचं राहत नाही. निदान "मला हयातभर सांभाळायचं आणि याच घरात राहू द्यायचं" ही अट त्यात स्पष्ट लिहा, ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्या अटीवर चालतं, सांभाळलं नाही तर दस्त रद्द करून मिळू शकतो. सिंधुदुर्गातली जी कुटुंबं गोव्यातही घर-जमीन ठेवून आहेत त्यांनी तिथला कायदा वेगळा आहे हे लक्षात ठेवावं, तिथे मुलांचा अर्धा हिस्सा राखीव असतो, सगळं मृत्युपत्राने देऊन टाकता येत नाही आणि वाटपासाठी इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे मिळकतीची यादी करून कोर्टातून वाटप, करावं लागतं.

सरकारकडे माझं मागणं साधं आहे. मृत्यूची नोंद झाली की दाखल्याबरोबरच वारस नोंदीचा अर्ज घरच्यांच्या हातात द्या, आणि मृताच्या नावावर जमीन असेल तर तलाठ्याला ती खबर सिस्टीममधूनच जाऊ द्या, दोन्ही खाती सरकारचीच आहेत. वंशावळीत ज्यांची नावं आहेत त्या प्रत्येकाच्या मोबाईलवर, आणि बहिणींच्या सासरच्या पत्त्यावर पोस्टाने, फेरफार प्रमाणित व्हायच्या आधी नोटीस गेलीच पाहिजे. वंशावळीत मुलगी नाही असं लिहिलेलं असेल तर "मुलगी नाही" हे शपथेवर लिहून घ्या, नुसतं नाव न टाकणं चालवून घेऊ नका. आणि मुंबईतल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना कलम २१३ गेल्याचं स्पष्ट कळवा, माझ्याकडे आलेल्या एका बाईंना त्यांच्या सोसायटीने अजून प्रोबेट आणा म्हणून परत पाठवलंय, दुसरा कोणी हक्क सांगणारा नसताना.

संपादक साहेब, तुमच्या पेपरात राशिभविष्याला रोज जागा असते, तशी आठवड्यातून एकदा या विषयाला अर्धा कॉलम द्याल का? वारस नोंदीच्या अर्जाचा नमुना, वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना, साध्या मृत्युपत्राचा नमुना, लोकांनी कापून ठेवता येईल असा. मजकूर मी लिहून देईन, मानधन नको, फक्त पहिला नमुना गणपतीच्या आधी छापून यावा म्हणजे गावी जाताना लोकांच्या पिशवीत तो असेल.

कळावे,
आपली,
एक वकील वाचक, रत्नागिरी जिल्हा